चिमणाबाईच्या हातचं

दर रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली की झुंबरबाई उठायची. बाकीचे लोक वर्षातून एखाद्या वेळी साक्ष द्यायचे. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाची दारू सुटलेली असायची, कुणाच्या जावयानं मुलीला परत नांदायला नेलेलं असायचं, आणि त्याबद्दल ते प्रभूचे आभार मानायचे. झुंबरबाईची साक्ष एकच होती आणि ती दर रविवारी होती. "मी मोठी पापीण हाय," असं म्हणून ती सुरुवात करायची, आणि कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या त्या लहानशा ख्रिस्ती देवळात चटयांवर बसलेली मंडळी मान खाली घालायची. पहिल्यांदा ती दुःखानं घालायची. पुढं सवयीनं.

पाप खरंच मोठं होतं. झुंबरबाई मूळची गडमुडशिंगीची. तिचा मुलगा दौलू पाच वर्षांचा असताना तापानं अंथरुणाला लागला. शेजारी चिमणाबाई नावाची विधवा राहायची. एकटी, एका डोळ्यानं तिरळी आणि तोंडानं फटकळ. ती पोराला बघायला आली ती वाटीभर तांदळाची पेज घेऊन आली. पोरानं पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. त्याचं क्रियाकर्म व्हायच्या आतच झुंबरबाईनं चावडीपुढं उभं राहून सांगितलं, की चिमणाबाई चेटकीण आहे, पेजेतून तिनं पोराला खाल्लं, आणि पेजेवर पुटपुटताना तिला मी या डोळ्यांनी बघितलंय.

यातलं शेवटचं खोटं होतं. तिनं काहीही बघितलेलं नव्हतं. पण गाव नेमकं त्याच्यावरच चाललं. चिमणाबाईला केसाला धरून शिवेबाहेर काढलं, आणि तिच्या घरातलं ज्याला जे आवडलं ते त्यानं उचलून नेलं.

मग प्लेग आला. झुंबरबाईचा नवरा त्यात गेला. दिरानं तिला घरात ठेवून घेतलं नाही. ती चालत कोल्हापुरात आली आणि मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. भाकरी थापता थापता तिनं येशूची गोष्ट ऐकली. आपल्यासारख्यांसाठीच तो मेला, असं तिथली मडमबाई सांगायची. झुंबरबाईला ते पटलं. तिनं बाप्तिस्मा घेतला. कपाळावर पाणी पडलं, कपाळ पुसून झालं, आणि तिनं आत बघितलं तर ते पाप जिथं होतं तिथंच होतं.

कोल्हापूरचे महाराज विलायतेला जाऊन आले त्या वर्षी तिला चिमणाबाईचा पत्ता लागला. मीरासाब मणेर बांगड्यांची बैलगाडी घेऊन गावोगाव फिरायचा. वसतिगृहातल्या मुलींना बांगड्या भरता भरता तो सहज म्हणाला, "कागलात तुमच्या गावची एक बाई भेटली. म्हस हाय तिची. दही विकती. तिरळी हाय, पण दही चांगलं असतंय."

झुंबरबाईच्या हातातली परात खाली पडली. मीरासाबनं आधी आपल्या बांगड्या बघितल्या, मग तिच्याकडं बघितलं.

पुढच्या शनिवारी ती पहाटेच निघाली. गूळ उतरवून रिकाम्या गाड्या कागलकडं परतत होत्या. एका गाडीवाल्यानं तिला घेतलं. चिमणाबाई दारात म्हशीला पाणी दाखवत होती. झुंबरबाईनं तिचे पाय धरले.

चिमणाबाईनं पाय सोडवून घेतले नाहीत. म्हशीचं पाणी पिऊन झालं.

"तू खोटं बोललीस," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"मला म्हाईत होतं. तुलाबी म्हाईत होतं. बाकीच्यास्नी म्हाईत न्हवतं."

"व्हय, चिमणाक्का. मला माफ कर."

"तुझं पोर गेलंतं," चिमणाबाई म्हणाली. "मी शिवेवर बसून तुला लई शिव्या दिल्या. वरीसभर देत होतो. मग म्हस घेतली, मग सवड ऱ्हाईना. माफ केलं. उठ आता, म्हशीच्या पायाखाली येशील."

गोष्ट खरं तर इथंच संपायला हवी होती. चिमणाबाईच्या बाजूनं ती संपलीही होती. पंधरा दिवसांनी शनिवारी झुंबरबाई पुन्हा दारात उभी राहिली. काही न बोलता तिनं भांडी घासायला घेतली. मग अंगण झाडलं, गोठा काढला, शेणी थापल्या. चिमणाबाईनं भाकरी पुढं केली तर ती म्हणाली, "न्हाई चिमणाक्का, तुझ्या हातचं खायची माझी लायकी न्हाई." पाणीसुद्धा तिनं वाटेतल्या विहिरीवर प्यायलं. निघताना उंबऱ्यावर डोकं ठेवून रडली आणि गेली.

त्यानंतर ती महिन्यातून दोनदा यायला लागली. चिमणाबाईनं सांगून बघितलं, ओरडून बघितलं, एकदा दाराला कडी घालून आत बसून बघितलं. त्या दिवशी झुंबरबाईनं बाहेरून भिंत सारवली.

आता कागल हे काही फार मोठं गाव नव्हतं, आणि दही घ्यायला येणाऱ्या बायकांना डोळे होते. कोल्हापूरची एक बाई दहा मैल तुडवत येते, मुकाट्यानं राबते, रडते आणि जाते. कुणी तिला राबायला सांगत नाही. आणि एवढं राबूनही ती या घरचा घास खात नाही, घोटभर पाणी पीत नाही. का पीत नसेल? बायकांनी त्याचा विचार केला. मग कुणाला तरी आठवलं, की ही तिरळी गडमुडशिंगीहून आली ती काही उगाच आली नव्हती. मग दह्याची गिऱ्हाइकं कमी झाली. मग एके दिवशी चिमणाबाईच्या दाराशी कुणीतरी लिंबू आणि टाचण्या टाकून गेलं.

चिमणाबाईनं लिंबू उचललं, धुतलं आणि लोणच्यात घातलं. पण त्या आठवड्यात दही आंबून म्हशीलाच पाजायची पाळी आली, आणि रविवारी पहाटे ती मीरासाबच्या गाडीत बसून कोल्हापूरला निघाली.

ती देवळात शिरली तेव्हा बाळासो पाळकांचं सहनशीलतेवरचं प्रवचन चाललं होतं आणि ते लांबलं होतं. बाळासो चोपडे हे जाडजूड, संथ गृहस्थ होते. घाईनं बोललेलं देवाला कळत नाही, अशी त्यांची समजूत असावी. चिमणाबाई बायकांच्या बाजूला शेवटच्या चटईवर बसली. या देवळात देव कुठं ठेवलाय ते तिला दिसेना, म्हणून तिनं सगळीकडंच एकेकदा हात जोडले.

प्रवचन संपलं. गीत झालं. साक्षीची वेळ आली. पुढच्या रांगेत झुंबरबाई उठली.

"मी मोठी पापीण हाय," ती म्हणाली.

"व्हय, हायस," मागून आवाज आला. "सगळ्यास्नी म्हाईत हाय. बस खाली."

देवळात इतकी शांतता त्याआधी फक्त मुक्या प्रार्थनेच्या वेळी झाली होती, आणि तेव्हाही कुणीतरी खोकायचं. झुंबरबाईनं वळून बघितलं. ती बसली.

चिमणाबाई उठून उभी राहिली. "मी चिमणाबाई. हिनं जिला चेटकीण केली ती मीच. तुमचं काय ते होऊ द्या आधी. मी थांबतो." आणि ती पुन्हा खाली बसली.

बाळासो पाळकांनी नेहमीपेक्षा बराच आधी आशीर्वाद दिला.

उपासनेनंतर पाळकांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तिघं बसली. मंडळीतल्या बऱ्याच जणांना त्या वेळी अंगणात कामं निघाली. पाळकांनी त्यांना घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"पाळकसाहेब, ही बाई आवरा," चिमणाबाई म्हणाली. "एकदा हिनं मला खोटं बोलून चेटकीण केली. आता खरं रडून करायला लागलीया." मग तिनं भांडी, भिंत, उंबरा, गिऱ्हाइकं आणि लिंबू, सगळं सांगितलं.

झुंबरबाई पदरानं डोळे पुसत होती. हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं चिमणाबाईच्या पायाकडं हात नेला.

"पायाला हात लावलास तर लाथ घालीन," चिमणाबाई म्हणाली.

हात मागं आला.

पाळक झुंबरबाईकडं वळले. "झुंबरबाई," ते म्हणाले, "हिच्याकडं तू काय मागितलंस?"

"माफी."

"दिली का हिनं?"

"दिली."

"कवा?"

"पयल्याच दिवशी."

"आन प्रभूनं?"

"त्यानंबी दिली. तुम्हीच सांगितलं की."

"मग पंधरा-पंधरा दिवसांनी कागलला जाऊन तू आणखी काय मागतीस?"

झुंबरबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "पाळकसाहेब, माझं पाप लई मोठं हाय," ती म्हणाली. "लोकांचं असतंय तसलं न्हाई."

"मोठं हाय," पाळक म्हणाले. "मी लहान म्हणत न्हाई. पण येशू क्रुसावर मेला तो बाकीच्यांच्या पापापुरता मेला, आन तुझं तेवढं उरलं, असं वाटतंय का तुला? ते तू भांडी घासून फेडणार?"

"तसं न्हाई—"

"तसंच हाय. तुला त्या पापाचा थोडा तोराच चढलाय, बाई. दर रविवारी उभी ऱ्हाऊन दाखवतीस."

झुंबरबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत मिशनमध्ये कुणी तिला रागावलेली बघितलं नव्हतं. "तोरा?" ती म्हणाली. "मला तोरा? माझी झोप गेली, अन्न गेलं! देवळात गीत म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटत न्हाई माझा! अन् तुम्ही खुशाल तोरा म्हणताय?"

"हां," चिमणाबाई म्हणाली. "ही झुंबरी मला वळखू येती. चावडीपुढं अशीच ओरडलीतीस."



चिमणाबाईनं आपलं गाठोडं पुढं ओढलं. त्यात दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दह्याचं लहान गाडगं होतं. तिनं भाकरी मोडली, वर दही घातलं आणि झुंबरबाईपुढं धरली.

"खा."

"चिमणाक्का, मला—"

"लायकी न्हाई. ऐकलंय मी. कोण इचारतंय लायकी? माझ्या दारात तू घास खात न्हाईस, ते आख्खं कागल बघतंय. माझ्या हातात इख हाय असं तू एकदा तोंडानं सांगितलंस. आता न खाऊन सांगायला लागलीस. तुला पुण्य लागतंय, अन् माझं दही आंबतंय. खा."

झुंबरबाईनं भाकरी हातात घेतली. पाळक भिंतीकडं बघत बसले, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते त्यांना समजत नव्हतं. तिनं पहिला घास तोंडात घातला आणि तो नुसता इकडून तिकडं फिरत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चिमणाबाई त्याला दाद देत नव्हती. ती घास गिळला जायची वाट बघत होती. शेवटी घास गिळला गेला.

आणि मग झुंबरबाईला भूक लागली.

अशी भूक तिला कैक वर्षांत लागली नव्हती. ती रोज जेवायची, पण जिवंत राहायला जेवढं लागतं तेवढंच. आता तिनं ती भाकरी संपवली. दुसरी चिमणाबाईनं न विचारता पुढं केली, तीही संपवली. ठेचा संपवला. गाडगं बोटानं पुसून घेतलं. ते दही घट्ट होतं, गोड होतं, आणि तिला ते कुणी फुकट दिलं होतं. त्याच्या बदल्यात काहीच करायचं नव्हतं. करू म्हटलं तर लाथ मिळणार होती. हे तिच्या डोक्यात शिरायला दोन भाकरींएवढा वेळ लागला. शिरलं तेव्हा तिला जोराची उचकी लागली.

"कुणीतरी आठवण काढली," चिमणाबाई म्हणाली.

"माझी कोण काढतंय आठवण?"

चिमणाबाईनं विचार केला. "म्हस," ती म्हणाली. "गोठा काढायचा ऱ्हायलाय."

झुंबरबाई हसली. आधी नाकातून हसली, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. तिला हसू आवरेना आणि मधून मधून उचकी लागत होती. पाळकांची बायको आतून धावत आली. बाहेर अंगणात काम काढून पुन्हा आलेले दोघे दाराला कान लावून होते. त्यांनी नंतर मंडळीत सांगितलं, की आत दोन बाया हसत होत्या आणि पाळकसाहेब रुमालानं तोंड पुसत होते.

हसणं ओसरल्यावर झुंबरबाई म्हणाली, "मी गडमुडशिंगीला जातो."

"कशाला?" पाळकांनी विचारलं.

"गावाला सांगायला. देवाला सांगितलं, हिला सांगितलं, तुम्हाला तर दर आठवड्याला सांगितलं. ज्यास्नी खोटं सांगितलंतं, त्यास्नी तेवढं सांगितलंच न्हाई. भ्या वाटत होतं."

"आता न्हाई वाटत?"

तिनं आत चाचपून बघितलं. "वाटतंय," ती म्हणाली. "पर आता तेवढंच वाटतंय."

पाळक म्हणाले, मी सोबत येतो. ती नको म्हणाली. चिमणाबाई म्हणाली, "मी येतो. मला बघायचंय."

मीरासाबची गाडी तिकडं जाणारच होती. दुसऱ्या दिवशी तो दोघींना घेऊन गडमुडशिंगीच्या चावडीपाशी थांबला आणि बांगड्यांवरचं फडकं जरा घट्ट बांधून घेतलं. गावात काही होणार असलं की तो तेवढं आधी करायचा. सयाजी पाटील चावडीत बसले होते. चिमणाबाईला गाडीतून उतरताना बघून दोन बायकांनी आपली पोरं पदराखाली घेतली. माणसं जमली.

झुंबरबाई चावडीपुढं उभी राहिली. "मी झुंबरबाई," ती म्हणाली. "माझा दौलू गेला तवा मी हितं उभी ऱ्हाऊन सांगितलंतं, की चिमणाबाईला पेजेवर पुटपुटताना बघितलं. ते खोटं हाय. मी काय बघितलं न्हवतं. ही बाई पोरासाठी पेज घिऊन आली. गावातनं दुसरं कोण आलं न्हवतं."

हे सांगताना ती रडली नाही, मान खाली घातली नाही. उलट तिचा चेहरा इतका मोकळा होता, की लोकांना त्याचीच भीती वाटली. गर्दीत कुजबुज झाली, की आता हिलाच भूत लागलंय.

सयाजी पाटलांनी मिशीला हात लावला. ते न्यायी माणूस होते आणि प्रकरण अर्धवट ठेवणं त्यांना आवडायचं नाही. "मग पोराला कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई खाल्लं, पाटील," झुंबरबाई म्हणाली. "तापानं गेलं. मी उशाशी बसलोतो. पाणी लावत होतो कपाळाला. कुणाचंच काय चालत न्हवतं, माझंबी. ते मला सोसलं न्हाई. म्हणून कुणावर तरी घातलं."

कुजबुज थांबली. त्या गर्दीत ताप आणि प्लेग ज्याच्या घरी आला नव्हता असं कुणी नव्हतं.

"म्हंजे चिमणाबाईवर आळ न्हाई," पाटील म्हणाले.

"न्हाई."

"मग आळ आता कुणावर ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवा."

पाटलांनी विचार केला. "तुझ्यावर आणि कशाला," ते म्हणाले. "तू बाटलीस तो आळ हायच." आणि प्रकरण मिटल्यासारखे ते उठले. पण जाता जाता चिमणाबाईपुढं थांबले, म्हणाले, "पावणं, च्या घिऊन जावा," आणि निघून गेले. चिमणाबाई याच गावात तीस वर्षं राहिली होती.

गर्दी पांगायला लागली तेव्हा आक्का नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. "चिमणे," ती म्हणाली, "तुझं जातं माझ्याकडं हाय. चांगलं दळतंय. ने."

"ठेव की, आक्का. वापरायला लागलीस—"

"ने म्हणतो न्हवं! इतकी वर्सं दळताना तुझंच नाव तोंडात येतंय."

चौघांनी मिळून जातं गाडीत चढवलं. बांगड्यांच्या पेटीशेजारी दगड ठेवायला मीरासाबचा जीव होईना. सगळ्या वाटेवर गाडी खड्ड्यात गेली की तो "या अल्ला" म्हणायचा, चिमणाबाई "आई अंबाबाई" म्हणायची आणि झुंबरबाई "प्रभू येशू" म्हणायची. तिघांच्या देवांनी मिळून बांगड्या सांभाळल्या.

चिमणाबाई गावात परतली नाही. कागलात तिची म्हैस होती, जम बसला होता. ती ख्रिस्तीही झाली नाही. प्रवचन फार लांबतं, असं तिचं मत पडलं. पण मीरासाबनं गडमुडशिंगीची हकीकत बांगड्या भरता भरता घराघरांत पोचवली, आणि महिन्याभरात दह्याची गिऱ्हाइकं परत आली. झुंबरबाई अजून कधीमधी कागलला जाते. जाते, जेवते आणि येते.

त्या दिवशी गडमुडशिंगीहून ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं चूल पेटवली. वसतिगृहातल्या मुली जेवणाची वाट बघत भोवती बसल्या होत्या. पीठ मळताना झुंबरबाई एकदम म्हणाली, "आमचा दौलू एकदा बोकडाची धार काढायला बसलाता."

ते नाव मुलींनी ऐकलं होतं, पण फक्त देवळात, आणि तिथं तो नेहमी मेलेलाच असायचा.

"मग?" एकीनं भीत भीत विचारलं.

"मग काय. पायात तांब्या धरून बसला. बोकडाला म्हनतोय, जरा सरळ उभा ऱ्हा की!" झुंबरबाई भाकरी थापत सांगत होती. "बोकडानं तांब्याला शिंग मारलं. तर ह्यो रडत घरात आला आन मला म्हनतो, आई, शेळीला राग आलाय, तू समजूत घाल तिची."

मुली हसायला लागल्या. झुंबरबाई तव्यावरची भाकरी उलटवायची विसरली, म्हणून ती करपली, आणि मग ती दुसरी थापायला लागली. अजून पुष्कळ सांगायचं होतं. पोर पाच वर्षं जगलं होतं.